आरएक्स १०० 'सीझ' झाली म्हणून साडेनऊ हजारांना गंडा

माझ्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलवरून पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर आधी पिकअप पडला, मग इंजिनच्या हेडमधून टिणटिण आवाज आला आणि मागचं चाक क्षणभर जाम झालं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. अर्ध्या तासाने इंजिन निवल्यावर किक सरळ खाली गेली.

टू-स्ट्रोक जाणणाऱ्याला एवढ्यावरूनच कळतं की हे तापून धरलेलं, म्हणजे सीझ होऊन आतून जाम झालेलं इंजिन आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्यात वर-खाली होतो तो बोअर बिडाचा. तापल्यावर पिस्टन बोअरच्या जवळपास दुपटीने फुगतो आणि अडकतो, निवला की सुटतो. क्रॅंक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) तुटलेला असता तर किक अशी गेलीच नसती.

हायवेलगतच्या गॅरेजवाल्याने मात्र संध्याकाळी फोन केला, "साहेब, येऊन बघून जा, इंजिन पार गेलंय." वर्तमानपत्रावर एक पिस्टन ठेवलेला, चहूबाजूंनी खोल उभ्या चरा पडलेल्या. मग त्याने पिस्टन आणि क्रॅंक जोडणारा कनेक्टिंग रॉड धरून डावीकडे-उजवीकडे हलवला, "हा बघा, क्रॅंक गेला." रॉडला आडवा प्ले (थोडी ढिलाई) असायलाच हवा, दोष असतो तो वर-खाली खडखड करण्यात! हा डाव बऱ्याच जणांवर चालत असणार. मी तसं बोललो, तर म्हणाला, "मग न्या अशीच." खोललेली गाडी कुठे नेणार? बोअर, पिस्टन, क्रॅंक धरून ९,५०० रुपये मोजले. पक्कं बिल नाहीच. पिस्टनचा फोटो तेवढा काढला होता.

घरी फोटो मोठा करून पाहिला, तर पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेला आकडा '५०'. माझी गाडी ०.२५ ओव्हरसाइजवर होती, म्हणजे बोअर ०.२५ मिमीने मोठा करून त्या मापाचा '२५' आकड्याचा पिस्टन घातलेला; लेथवाल्याचं बिल घरात आहे. म्हणजे दाखवलेला पिस्टन दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा.

आठवड्याभरातच गाडी पुन्हा धरली. साताऱ्यातल्या एका जुन्या फिटरने माझ्यासमोर हेड आणि सिलिंडर उतरवला. आत माझाच '२५' पिस्टन! सायलेन्सरच्या बाजूच्या चरा पॉलिश पेपरने घासून काढलेल्या, रिंगाही जुन्याच. क्रॅंक बदलायचा तर इंजिन खाली उतरवून त्याची केस (बाहेरचं दोन भागांचं कवच) उघडावी लागते. केसच्या जोडावरचा वर्षानुवर्षांचा तेलकट मळ जसाच्या तसा होता. फिटर हसून म्हणाला, "ह्याला पान्यानं शिवलेलंबी नाय."

चरा फक्त सायलेन्सरच्या बाजूला, गोल सगळीकडे नाहीत, त्यामुळे टूटी ऑइलच्या (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणाऱ्या वंगणाच्या) पंपावरचा संशय त्याने लगेच बाजूला ठेवला. ऑइल कमी पडलं तर पिस्टन चौफेर ओरबाडतो. स्पार्क प्लग पांढुरका पडलेला, म्हणजे इंजिन जास्त तापत होतं. मग त्याने कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी मॅनिफोल्ड वाकवून दाखवला, आतल्या बाजूने तडा. तिथून जादा हवा आत जायची, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ व्हायचं आणि चढावर इंजिन तापायचं. रेस सोडल्यावरही आवाज लगेच खाली येत नसे, तो याचमुळे. शे-दोनशेचा रबर! त्यानंतर बोअर मारून ०.५० चा पिस्टन घातला, तो वेगळा खर्च.

फोटो आणि लेथचं बिल घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. त्याने आधी आवाज चढवला, मग आजूबाजूची गिऱ्हाइकं ऐकायला लागल्यावर क्रॅंकचे पैसे परत दिले. बोअर-पिस्टनचे दिले नाहीत. कुणाची टू-स्ट्रोक अशी धरली, तर गाडी सोडण्याआधी केसच्या जोडावर आणि सिलिंडरच्या नटांवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारा, खोललं की ती तुटेल; आणि पिस्टन दाखवला की आधी डोक्यावरचा आकडा वाचा.