पंप की पावडर?

गुहागरहून मावशीचा फोन, दम्याला फवाऱ्याचा पंप घेऊ की पावडरच्या कॅप्सूलवाला इनहेलर, निसर्गाला त्रास कशाचा कमी? तर बघा, पंपात औषध ढकलायला बहुतेक वेळा एचएफसी-१३४ए गॅस असतो, वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरणारा, पावडरीत गॅसच नाही. यंत्र एकदा घेतलं की नुसती कॅप्सूलची डबी आणायची, पंप संपला की बहुतेक अख्खाच फेकायचा. (पातेऱ्याच्या आगीत टाकू नका हां, फुटतो.)

पण आपला पावसाळा! पापड सादळतो तशी पावडर सादळते, डबी घट्ट लावा नि कॅप्सूल ओढायच्या वेळीच बाहेर काढा. शिवाय श्वास जोरात ओढावा लागतो, लहान पोरांना नि थकलेल्या आजोबांना ते जमत नाही, त्यांना पंप आणि स्पेसरच (पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी). मावशीचा दम चांगलाय, तिने डॉक्टरांना विचारून पावडरच घ्यावी.