माशांच्या टाकीत पाणी कुठलं, नळाचं की बोअरचं?
बेळगाव शहरात नळाला येतं ते राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं पाणी, क्लोरीन मारलेलं. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. पाणी बदलल्यावर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले, की समजा घाई नडली. उघड्या बादलीत एअर पंप लावून पाणी दिवसभर ठेवलं की क्लोरीन उडतं. तेवढा वेळ नसेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब मिळतात, ते घालायचे.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, म्हणून ते सरळ टाकीत ओतावंसं वाटतं. तसं करू नका. खोलातून उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो. त्यालाही पंप लावून हवा द्यावी लागते. शिवाय क्षार. गप्पी, मॉली हे मासे जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यात मजेत राहतात, निऑन टेट्राचे मात्र हाल होतात.

मी नळाच्याच बाजूचा. क्लोरीन घरी काढता येतं, क्षार काढणं जिकिरीचं.

पाणी कुठलंही असो, एका वेळी पाव टाकीच बदला. बेळगावच्या थंडीत बादलीतलं पाणी गार पडतं, ते टाकीइतकं कोमट करूनच ओता. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच असतात, क्लोरीनने ते मरतात.