रेनोची एक्सएमआरव्ही रक्तचाचणी: शेकडो डॉलरचा निरर्थक अहवाल

अमेरिकेतील नेवाडा राज्यात, रेनो येथे, क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या (दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र थकव्याच्या आजाराच्या) रुग्णांना विकल्या गेलेल्या, एक्सएमआरव्ही (एचआयव्हीच्याच कुळातील एक विषाणू) शोधणाऱ्या रक्तचाचणीसाठी शेकडो डॉलर मोजावे लागत, आणि त्या बदल्यात हाती पडे तो विषाणू ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढेच सांगणारा अहवाल.

चाचणीचा आधार होता ऑक्टोबर 2009 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेला, रेनोच्याच व्हिटमोर पीटरसन इन्स्टिट्यूटमधील ज्युडी मिकोविट्स व सहकाऱ्यांचा शोधनिबंध. 101 रुग्णांपैकी 68 जणांत आणि 218 निरोगी व्यक्तींपैकी केवळ 8 जणांत विषाणू सापडल्याचा दावा त्यात होता. ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ हे वर्षानुवर्षे ऐकून घेतलेले रुग्ण या चाचणीकडे धावले, यात त्यांना दोष देता येत नाही. विक्रेत्यांचे मात्र तसे नाही. जानेवारी 2010 मध्येच लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांना 186 रुग्णांपैकी एकातही हा विषाणू सापडला नव्हता. तरीही विक्री चालूच राहिली.

चाचणीची खरी परीक्षा 2011 मध्ये झाली. पूर्वी ‘बाधित’ ठरलेल्या 15 जणांचे आणि निरोगी दात्यांचे रक्त, कोणती नळी कोणाची हे कळू न देता, नऊ प्रयोगशाळांकडे पाठवण्यात आले. सात प्रयोगशाळांना काहीच सापडले नाही. मूळ दाव्याशी संबंधित दोन प्रयोगशाळांना सापडले खरे, पण निरोगी दात्यांच्या रक्तातही जवळपास तितक्याच प्रमाणात, आणि एकाच रक्ताच्या दोन नळ्यांचे निकालही एकमेकांशी जुळेनात. त्याच वर्षी असेही दिसून आले की, हा विषाणू 1990च्या दशकात, मानवी प्रोस्टेट कर्करोगाची गाठ प्रयोगशाळेतील उंदरांच्या शरीरात वाढवताना तयार झाला होता. शिवाय चाचणीच्या काही रसायनांतच उंदराच्या डीएनएचे अंश असत, त्यामुळे चाचणी रुग्णाच्या रक्ताऐवजी तेच पकडू शके. म्हणजे मांजरानेच दुधाची राखण करावी, तसला प्रकार.

डिसेंबर 2011 मध्ये ‘सायन्स’ने शोधनिबंध मागे घेतला. 2012 मध्ये विषाणूतज्ज्ञ इयन लिपकिन यांच्या पाहणीत 147 रुग्ण आणि 146 निरोगी व्यक्तींपैकी कोणातही विषाणू आढळला नाही. त्या निबंधावर खुद्द मिकोविट्स यांचेही नाव आहे.

पाचपैकी शून्य तारे. नकारार्थी अहवालही कुचकामीच होता, कारण विषाणू नाही म्हणून आजार नाही, असे त्यावरून मुळीच ठरत नव्हते. होकारार्थी अहवाल तर त्याहून महाग पडला: त्याच्या भरवशावर काही रुग्णांनी एचआयव्हीवरील औषधे घेतली.