डेलाविएगाच्या डोंगरावर आठ महिने

शनिवारी सकाळी सातला कॅलिफोर्नियातल्या सनीवेलहून निघायचं, हायवे 17 चा घाट उतरून सांताक्रूझ गाठायचं, साडेतीन तास डिस्क गोल्फ खेळायचं आणि दुपारी घरी येऊन आडवं व्हायचं. आठ महिने हेच चाललंय. डेलाविएगा हा तिथला 1984 पासूनचा डिस्क गोल्फचा कोर्स. इथले लोक नुसतं 'डेला' म्हणतात.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी: गोल्फच, पण चेंडूऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. ही साखळ्यांची बास्केट शोधून काढणारा एड हेड्रिक शेवटी इथून जवळच, ला सेल्वा बीचला राहायचा. 2002 मध्ये तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे राख डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळली. वेड असावं तर असं.

घराजवळच्या सपाट बागेत मी अडीचशे फूट आरामात फेकतो, त्यामुळे पहिल्या दिवशी चांगल्याच मिजाशीत गेलो. तीन डिस्क घळीत घालवून परतलो. उताराकडे फेकलेली डिस्क हवेत जास्त वेळ राहते, आणि वेग मंदावला की डावीकडे वळायची तिची सवय (मी उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकतो) तेवढीच लांबते. चढावर वेगळी गंमत. बास्केट वर दिसते म्हणून हात नकळत डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, उचलतो. मग ती उंच जाते, थबकते आणि घरंगळत आपल्याच पायाशी येते.

खरा घात पटिंगला, म्हणजे जवळून बास्केटमध्ये डिस्क टाकताना होतो. दुसऱ्या महिन्यात वीस फुटांवरून पट मारला. बास्केटच्या कडेला टण्णकन लागून डिस्क काठावर उभी पडली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि चाकासारखी सुटली. सुक्या पानांतून खसखस आवाज बराच वेळ येत होता. खाली शोधायला उतरून वर आलो, तेव्हा सिंहगड चढल्यासारखी धाप लागलेली. तेव्हापासून बास्केटच्या मागे उतार असेल तर मी सरळ अलीकडे डिस्क टाकतो आणि पुढच्या पटला आत घालतो. सोबतचे हसतात. हसू देत.

माझा महागडा, 12 स्पीडचा ड्रायव्हर (लांब फेकीची डिस्क; स्पीडचा आकडा जितका मोठा तितकी ती वेगाने फेकावी लागते) घरीच असतो. जवळच्या फेकीचे दोन पटर, मधल्या पल्ल्याची एक मिडरेंज आणि त्याहून थोडा लांब जाणारा 7 स्पीडचा फेअरवे ड्रायव्हर एवढ्यावर भागतं. बूट मात्र खोल नक्षीच्या तळव्याचेच हवेत. रनिंग शूजवर मी दोनदा बसकण मारली आहे.

आणि पॉइझन ओक. पळसाला पानं तीन, तशी यालाही तीनच. दिसली की लांब राहायचं. बिब्ब्याच्याच कुळातलं झाड. बिब्बा उतलेला ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. मला दंडावर दोन आठवडे पुरळ होतं, चूक माझीच, हाफ बाह्यांचा शर्ट.

एवढं करून जायचं कशाला? सत्ताविसाव्या होलसाठी. नाव 'टॉप ऑफ द वर्ल्ड'. माथ्यावर उभं राहिलं की समोर मॉन्टेरे बे, खाली झाडांच्या पलीकडे पाचशे फुटांहून लांब बास्केट. धुकं नसेल तर मी आधी पाच मिनिटं नुसता उभा राहतो.

डिस्कवर फोन नंबर लिहायला विसरू नका. परवा एका अनोळखी माणसाचा मेसेज आला: पहिल्या दिवशीची माझी निळी डिस्क सापडली, तीन पानांच्या झुडपात. शनिवारी हातमोजे घेऊन चाललोय.