पोर्शे केमन एस : दोन मोसम, नुरबुर्गरिंगच्या १०४ फेऱ्या आणि घरचा हिशेब

२०१० सालची केमन एस मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत घेतली. सहा गिअरची मॅन्युअल, ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, ३२० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), मीटरवर ९२,००० किलोमीटर. नंबरप्लेटच्या उजव्या कडेला ०३ आणि १० हे आकडे एकाखाली एक छापलेले आहेत. जर्मनीत ही मोसमी प्लेट मिळते. गाडी मार्च ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर आणायची, टॅक्स आणि विमाही तेवढ्याच महिन्यांचा भरायचा. दुसरा मोसम नुकताच संपला, गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये झाकून ठेवली, म्हणून आता निवांत लिहायला बसलो आहे. दोन मोसमांत मिळून १४,००० किलोमीटर झाले. त्यात नॉर्डश्लाइफच्या, म्हणजे नुरबुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकच्या, १०४ फेऱ्या, आणि त्यातल्या १८ स्पर्धेतल्या.

मी कोलोनला राहतो. नुरबुर्गरिंग घरापासून सव्वा तासावर आहे, आणि खरं सांगायचं तर गाडी त्यासाठीच घेतली.

२००९ च्या आधीच्या केमनच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग असतं, ते तुटलं तर इंजिनच जातं, आणि जुनी गाडी बघणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न त्याचाच विचारतो. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नवीन आलं, त्यात ती शाफ्टच नाही. म्हणून मी आठ महिने थांबलो, पण या पिढीचीच गाडी घेतली. थांबलो ते बरंच झालं.

इंजिन सीटच्या पाठीमागे, बरोबर गाडीच्या मध्यावर. पुढचं झाकण उघडलं तर डिकी, मागचं उघडलं तरी डिकी. इंजिन कुठूनच दिसत नाही, फक्त पाठीशी ऐकू येतं. वजन मध्यावर असल्यामुळे वळणात शिरताना गाडी तुमच्या कमरेभोवती फिरते असं वाटतं. स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे. पुढच्या चाकाखाली रस्ता गुळगुळीत आहे की खडबडीत, ओला आहे की कोरडा, हे तळहाताला कळतं. म्युझिक सिस्टीम जुनी आहे, कप होल्डर नाजूक आहेत, त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ट्रॅकबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण या गाडीचा अनुभव त्याच्यापासून वेगळा काढता येत नाही. आयफेलच्या डोंगरात १९२७ साली सुरू झालेला हा २०.८ किलोमीटरचा रस्ता. सत्तरच्या वर वळणं, सुमारे तीनशे मीटरचा चढउतार, दोन्ही बाजूंना झाडी आणि रेलिंग. फॉर्म्युला वनचा जगज्जेता जॅकी स्टुअर्ट यानं त्याला ‘हिरवा नरक’ म्हटलं. १ ऑगस्ट १९७६ ला त्याच शर्यतींतला दुसरा जगज्जेता निकी लाउडा याची गाडी इथेच पेटली, आणि त्यानंतर फॉर्म्युला वन पुन्हा नॉर्डश्लाइफवर आली नाही. एरवी ठरलेल्या दिवशी आणि वेळी तिकीट काढून कुणीही आपली गाडी घेऊन आत जाऊ शकतो. तेव्हा तो कायद्यानं एकमार्गी टोलचा रस्ता असतो. ओव्हरटेक डावीकडूनच करायचा, वाहतुकीचे सगळे नियम लागू, आणि वेळ मोजायला सक्त मनाई. तुमच्या पुढे कुटुंब घेऊन आलेली स्टेशन वॅगन असते आणि आरशात पोर्शेची वेगवान जीटी३ मोठी होत येते. पहिल्या वीस फेऱ्यांत माझं अर्धं लक्ष आरशातच होतं. उजवा इंडिकेटर देऊन मागच्याला जाऊ द्यायचं हे इथलं पहिलं कौशल्य, आणि ते नीट जमायला मला एक महिना लागला.

आता ब्रेकची गोष्ट.

पहिल्या मोसमातला जूनमधला शनिवार. तीन फेऱ्या लागोपाठ मारल्या होत्या, मधे विश्रांती नाही. गाडी घेताना ब्रेक ऑईल बदललंय की नाही हे मी तपासलं नव्हतं, सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यावर विसंबलो होतो. चौथ्या फेरीत वेअरझायफेनच्या उतारावर पाय ठेवला आणि पेडल मऊ लागलं. दुसऱ्यांदा दाबलं तर अर्ध्यापर्यंत गेलं. तिसऱ्यांदा जवळजवळ तळाला टेकलं. समोर तीव्र उतार, त्याच्या तळाशी ब्राइडशाइडचा पूल आणि डावं वळण.

आमचं मूळ गाव महाडजवळचं. लहानपणी बाबा वरंध घाटातून फियाट उतरवताना दर वेळी एकच सांगायचे : ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतरायचं, ब्रेकच्या जिवावर घाट उतरायचा नाही. ते वाक्य त्या क्षणी आठवलं असं म्हणणार नाही, आठवायला वेळच नव्हता. पण हात आपोआप तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेला, इंजिन ओरडलं, पाय पेडलवर भराभर पंप करत राहिला आणि गाडी पुलावरून जेमतेम वळली. पुढे चढ आहे म्हणून वाचलो. बेर्गवेर्क ते कारुसेल सगळा रस्ता वर चढत जातो. इंडिकेटर लावून, कडेकडेनं, चाळीसच्या वेगानं ती फेरी पूर्ण केली.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबतो तो त्या बुडबुड्यांना, पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. हे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं. आता कोरडं असताना ३१२ अंशांना उकळणारं रेसिंगचं, डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑईल वापरतो आणि मोसमात दोनदा बदलतो. घरीच बदलतो, बायको पेडल दाबते आणि मी चाकापाशी निपल सोडून नळीतले बुडबुडे बघतो. त्या जूनमध्ये काढलेलं ऑईल कडक चहाच्या रंगाचं होतं.

पॅडही बदलले. इथे रस्त्यावर चालवायच्या गाडीला मान्यता नसलेले रेसिंग पॅड लावता येत नाहीत, म्हणून ईसीई आर९० मान्यतेचे, पण जास्त तापमान सोसणारे पॅड घेतले. थंडीत सकाळी पहिल्या सिग्नलला थोडे किंचाळतात. मला चालतं.

तेव्हापासून लागलेली शिस्त अशी : लागोपाठ दोन फेऱ्या, मग थांबायचं. फेरीच्या शेवटी सरळ रस्त्यावर वेग कमी ठेवायचा, मग आडेनाउच्या गावरस्त्यानं दहा-पंधरा मिनिटं जवळजवळ ब्रेक न लावता फिरायचं, म्हणजे डिस्कना वारा लागतो. पार्क करताना हॅन्डब्रेक अजिबात ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची, आणि थांबल्यावर पायही ब्रेकच्या पेडलवर दाबून धरायचा नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले तर तिथे डाग बसतो आणि नंतर स्टीअरिंग थरथरतं. मग टॉर्क रेंचनं चाकाचे बोल्ट तपासायचे, या गाडीला १३० न्यूटन मीटर. पहिल्या वर्षी टायर बसवताना एका दुकानात ते गननं इतके आवळून दिले होते की घरी सोडवताना मला पान्यावर उभं राहावं लागलं. तेव्हापासून चाकं मीच लावतो आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासतो.

आणखी एक काम फार थोडे लोक करतात. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत रेडिएटर आहेत आणि त्यांच्यासमोर एसीचे कंडेन्सर. आयफेलची सगळी पानं तिथे जाऊन बसतात, पावसात कुजतात, आणि त्या ओलीनं अॅल्युमिनियम खाल्लं जातं. ऑक्टोबरमध्ये बंपर सोडवून बघितला तर दोन्ही बाजूंना मूठ मूठ काळा चिखल निघाला, त्यात बीचची पानं अजून ओळखू येत होती. व्हॅक्यूमला बारीक नळी लावून दर महिन्याला साफ केलं तर हा प्रकार होत नाही. जुनी केमन बघायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन जा आणि आधी तिथे उजेड टाका. मालकानं गाडी कशी ठेवलीय ते तिथे कळतं.

खर्च विचारतात म्हणून सांगतो. पुढचे पॅड तीनदा, मागचे दोनदा, पुढच्या डिस्क एकदा. टायरचे दोन पूर्ण संच. इंजिन ऑईल चारदा, खरं तर त्याहून कमी वेळाही चाललं असतं. पुढचे टायर बाहेरच्या खांद्याला झिजत होते, म्हणून खालचे आर्म बदलून पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे चाक वरून आत झुकण्याचा कोन, वाढवला, आणि तो बदल टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थेकडून तपासून गाडीच्या कागदांवर चढवून घेतला. ते केलं नाही तर इथे गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच जाते. हे सगळं मिळून ८,७०० युरो. पेट्रोल वेगळं, फेरीला जवळजवळ पाच लिटर, तेही ९८ ऑक्टेनचं. तिकीट या दोन मोसमांत सोमवार ते गुरुवार तीस युरोच्या आसपास होतं, शुक्रवार ते रविवार जास्त. गाडी घेताना जे पैसे लागतात ते बहुतेकांनी जमवलेले असतात. अडचण त्यानंतरच्या पैशांची असते. ते बाजूला काढले नाहीत तर पॅड अजून एक महिना चालतील असं मन सांगायला लागतं, आणि नेमकं तेच ऐकायचं नसतं.

विम्याचं कलम घेण्याआधी वाचा. आपल्या चुकीनं रेलिंग वाकलं तर त्याचं बिल आपल्याच नावानं येतं. मी माझ्या विमा कंपनीला नॉर्डश्लाइफचा स्पष्ट उल्लेख करून विचारलं आणि उत्तर लेखी घेतलं. वेळ मोजली जाते अशा कार्यक्रमासाठी वेगळा विमा घेतला.

दुसऱ्या मोसमात स्पर्धा सुरू केली. जीएलपी नावाचा प्रकार आहे, मराठीत सांगायचं तर सातत्याची परीक्षा. हेल्मेट घालून, ट्रॅक बंद असताना, आपल्याच रस्त्यावरच्या गाडीनं. आधी तुम्ही तुमच्या वेगानं एक फेरी मारता आणि ती वेळ तुमच्या नावावर लिहिली जाते. पुढच्या फेऱ्यांत तीच वेळ पुन्हा गाठायची. लवकर आलात तरी दंड, उशिरा आलात तरी दंड. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे सगळ्यात जोरात जाणारा जिंकत नाही? मग ही आपल्या एसटीच्या ड्रायव्हरची स्पर्धा झाली.” मला ती व्याख्या फार आवडली.

शेजारी बायको स्टॉपवॉच आणि कागद घेऊन. पहिल्या फेरीत तिनं ठरावीक खुणांच्या वेळा टिपल्या : आरेमबेर्ग, पूल, कारुसेल, ब्र्युन्शेन. पुढच्या फेऱ्यांत ती फक्त “दोन पुढे” किंवा “एक मागे” एवढंच म्हणायची. कारुसेल म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूचा काँक्रीटचा उतरता पाट, त्यात चाकं घातली की फरशांच्या सांध्यांवर दात वाजतात आणि पेन कागदावरून उडतं. तिचे तिथले आकडे अजून वाकडे आहेत, ती वही आम्ही जपून ठेवली आहे.

पहिल्या स्पर्धेत वरच्या अंगाला पाऊस होता आणि खाली रस्ता कोरडा, इथे हे नेहमीचं. माझी फेरी सहा-सात सेकंदांनी इकडेतिकडे होत राहिली. ओल्यात गेलेली वेळ कोरड्यात भरून काढायच्या नादात फ्लान्त्सगार्टेनच्या उडीला जास्त वेगानं गेलो, गाडी हलकी झाली, आणि बायको शांतपणे म्हणाली, “असं नको.” दुसऱ्या स्पर्धेत, सप्टेंबरमध्ये, हवा दिवसभर एकसारखी होती. लागोपाठ चार फेऱ्या ठरलेल्या वेळेच्या एका सेकंदाच्या आत. त्यातली एक तर फक्त ०.३ सेकंदाच्या फरकानं.

ही गाडी काय आहे ते मला त्या चार फेऱ्यांत कळलं. नवव्या फेरीतही ब्रेकचं पेडल पहिल्या फेरीइतकंच वर होतं. त्याच झाडापाशी पाय ठेवला की गाडी त्याच जागी वळायला तयार होत होती. ३२० पीएस आज फार नाहीत, सरळ रस्त्यावर मला इलेक्ट्रिक सेडान सहज मागे टाकतात. पण सांगितलेलं तसंच्या तसं पुन्हा करणारी गाडी माझ्या हातात याआधी आली नव्हती. तिनं तसं करावं यासाठी शनिवारी संध्याकाळी दोन तास तिच्या चाकांपाशी बसावं लागतं, ते मी आनंदानं बसतो.

हिवाळ्यासाठी टाकी पूर्ण भरली, टायरमध्ये हवा ३.२ बार केली, बॅटरीला चार्जर लावला, हॅन्डब्रेक मोकळा ठेवला. मार्चमध्ये पहिल्यांदा चालू करताना मागून निळसर धूर येईल, गेल्या वर्षी मी घाबरलो होतो. बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात, बराच काळ उभ्या गाडीत थोडं ऑईल पिस्टनपलीकडे झिरपतं आणि पहिल्या मिनिटात जळून जातं. धूर थांबला नाही तरच काळजी करायची.

बाबा मे महिन्यात येणार आहेत. त्यांना एक फेरी दाखवायची आहे, आठवड्याच्या दिवशी, गर्दी नसताना. ब्रेक ऑईलचा अर्धा लिटरचा नवा डबा आणून ठेवलाय. ते यायच्या आधी बदलून घेईन, आणि वेअरझायफेन दुसऱ्या गिअरमध्ये उतरेन.