पावसाळ्याचं सरपण: गोठ्यातला खण, माळा की पडवी?

जागा ठरवायच्या आधी सरपण किती लागतं ते मोजा. चुलीला रोज ५ किलो आणि अंघोळीच्या बंबाला ३ किलो धरलं, तर जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांना पावणेदहाशे किलो जळण लागतं. वाळलेल्या बाभळीच्या ढलप्या नीट रचल्या तर घनफुटात साधारण १२ ते १३ किलो मावतं. म्हणजे १० फूट लांब, ४ फूट उंच आणि २ फूट खोल अशी एक रास पुरते. नुसतं ओतून ठेवलं तर याच्या दीडपट जागा जाते आणि तळाचं लाकूड सप्टेंबरातच हाताला लागतं.

दुसरी गोष्ट गोठा बांधतानाच डोक्यात हवी: गोठ्यात लाकूड वाळत नाही. वाळलेलं लाकूड तिथे फक्त वाळलेलं राहतं. जनावरांच्या श्वासातून रोज कित्येक लिटर पाणी हवेत जातं, त्यात गोमूत्राची ओल. मे महिन्यात तोडलेली बाभूळ थेट गोठ्यात रचली, तर श्रावणात तिच्यावर पांढरी बुरशी दिसते आणि चूल नुसती धुमसते. त्यामुळे लाकूड तुमच्याकडे कधी येतं, यावर निम्मा निर्णय ठरतो.

गोठ्यातला एक खण

जनावरं कमी झाली असतील आणि एक खण, म्हणजे दोन खांबांमधली जागा, मोकळा असेल, तर मुळशी, वेल्हे, मावळ या घाटाकडच्या पट्ट्यात याच्याइतकी भरवशाची जागा नाही. फक्त पश्चिमेची भिंत टाळा. पावसाचा मारा तिच्यावरच असतो आणि मातीची किंवा दगडमातीची भिंत आतून ओल धरते. पूर्वेच्या भिंतीलगत, पण तिच्यापासून ४ इंच सोडून, मांडणी करा.

तळाला दर अडीच फुटांवर विटांचे किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांचे फूटभर उंचीचे पाये, त्यावर २ इंची लोखंडी अँगलच्या दोन आडव्या पट्ट्या. जुने वासे वापरले तरी चालतात, पण पायाच्या डोक्यावर फरशीचा तुकडा ठेवा. वाळवी मातीतून नळी बांधत चढते. फरशी चारही बाजूंनी दोन बोटं बाहेर आली की तिला वळसा घालून यावं लागतं आणि ती नळी डोळ्यांना दिसते. महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन खाली वाकून पाहायचं आणि दिसेल ती नळी मोडायची. सरपणावर वाळवीचं औषध मारू नका. तेच पुढे चुलीतून नाकात जातं. फूटभर उंचीचा दुसरा फायदा म्हणजे खाली साप आहे की नाही ते दिसतं. दोन-तीन इंचाची फट ठेवणं सगळ्यात वाईट, कारण तेवढ्यात उंदीर राहतो आणि त्याच्या मागे घोणस येते.

राशीच्या दोन्ही टोकांना ढलप्या एक थर आडवा, एक थर उभा अशा चौकटीसारख्या रचा, म्हणजे मधली ओळ घसरत नाही. दावणीपासून किमान ३ फूट अंतर आणि मध्ये एक आडणा हवाच. म्हैस अंग घासते, रास कलते आणि ओंडका वासराच्या पायावर येतो. डासांसाठी संध्याकाळी धुरी करत असाल, तर तिची जागा गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, कडब्यापासूनही लांब.

माळा

माळ्यावर उंदीर सोडले तर कसली भीती नाही, ओल नाही, खालची जागाही अडत नाही. अडचण वजनाची आहे. घरातल्या खोलीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला १९ किलो. बाभळीचा दीड फुटाचा थर लावला की तो हिशोब संपला. जुन्या गोठ्याच्या तुळया एवढाही भार धरतील याची खात्री नसते. भिंतीत रुतलेलं टोक बाहेरून चांगलं आणि आतून भुसा झालेलं असतं. सुरीचं टोक खुपसून पाहा, अर्धा इंच सहज आत गेलं तर त्या तुळईवर काही ठेवू नका.

म्हणून आमचं सरळ मत: माळा तुराट्या, मक्याची बिट्टी, शेणी असल्या हलक्या जळणासाठी. चूल पेटवायला लागतं ते हेच, आणि ओलीने पहिलं बिघडतं तेही हेच. ओंडके डोक्यावर चढवून पुन्हा रोज उतरवायचे, हे काम घरात कोणाच्या वाट्याला येतं तेही विचारात घ्या.

पडवी

शिरूर, दौंड, बारामतीकडे पाऊस बेताचा. तिथे गोठ्याच्या पूर्वेला काढलेली पडवी पुरते; आतली जागा अडवू नका. घाटमाथ्याकडे मात्र झड बाजूने आत शिरते आणि राशीचा पुढचा हातभर भाग चार महिने ओला राहतो.

पडवी ६ फूट खोल ठेवली तर उतार सव्वा ते दीड फुटाचा द्या. पत्रा गोठ्याच्या पाख्याखाली ६ ते ९ इंच आत सारा. भिंतीला नुसता टेकवून सिमेंट थापलं की पहिली गळती तिथेच होते. खांबाला २ फूट खोल काँक्रीटचा पाया. पावसापेक्षा वळवाचा वारा जास्त नुकसान करतो, तो पत्रा खालून उचलतो, म्हणून कडेच्या ओळीला स्क्रू दाट लावा. बाजू ताडपत्रीने बंद करू नका, आत वाफ कोंडते. ताडपत्री टाकायचीच तर राशीच्या फक्त माथ्यावर.

लाकूड वाळवायला मात्र पडवीसारखी जागा नाही. फेब्रुवारीत फोडलेल्या ३-४ इंच जाडीच्या ढलप्या मे अखेरपर्यंत वाळतात. न फोडलेला ओंडका सालीच्या आत ओल धरून बसतो. खात्रीसाठी एका ढलपीवर खूण करून ती दर पंधरा दिवसांनी काट्यावर ठेवा. सलग दोनदा वजन तेच आलं की ती वाळली. टोकाला भेगा आणि दोन ढलप्या आपटल्यावर टणटणीत आवाज, ही झाली जुनी खूण.

कोणी काय निवडावं

लाकूड उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळत असेल, तर फेब्रुवारी ते मे पडवीत आणि जूनच्या आधी खणात. कष्ट दुप्पट, पण घाटाकडे दुसरा इलाज नाही. लाकूड मे महिन्यातच मिळत असेल तर यंदा ते पडवीतच राहू द्या आणि पावसाळ्यापुरतं वाळलेलं विकत घ्या. सुबाभूळ आणि आंबा शेवटपर्यंत ठेवू नका. त्यांना भुंगा लवकर लागतो. राशीखाली पिठासारखा भुसा दिसला की ती ओळ आधी जाळायला काढा.

आणि कुठेही रचलं तरी काढताना वरून काढा, आधी काठीने हलवून. विंचू ढलपीच्या खालच्या बाजूला, सालीच्या खपलीत बसतो. बोटं नेमकी तिथेच जातात.