बँकॉकमध्ये कुणी म्हणालं, ‘आज राजवाडा बंद आहे’

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीबाहेर, मुख्य दाराच्या बरंच अलीकडे, इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एखादा माणूस तुम्हाला अदबीने सांगेल की आज बौद्ध सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे. त्याच्याशी बोलत थांबू नका. सरळ दारापर्यंत चालत जा आणि तिथल्या पहारेकऱ्याला विचारा. राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो. राजघराण्याच्या समारंभासाठी कधीकधी काही भाग बंद असतो हे खरं, पण ते पॅलेसच्या वेबसाइटवर दिलेलं असतं. रस्त्यातल्या माणसाकडून ते कळण्याची गरज नाही.

आम्ही तिघं होतो. मी, माझा नवरा आणि सासूबाई. राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ मंदिराभोवती लांबलचक ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थायलंडचं रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. सोनेरी मुकुटातले राम-लक्ष्मण, पांढराशुभ्र हनुमान. आई या सहलीला आल्या त्या मुख्यतः ही चित्रं बघायला.

भिंतीबाहेर आम्हालाही असाच एक गृहस्थ भेटला. त्याने आधी आम्ही कुठले ते विचारलं, मग भारताचं कौतुक केलं, मग आईंना वाकून नमस्कार केला. आमच्याच हातातला नकाशा घेऊन त्यावर पेनाने गोल केले. हा ३२ मीटर उंच उभा बुद्ध, हे एक छोटं देऊळ, आणि हे ‘सरकारी निर्यात केंद्र’, तिथे म्हणे आज सवलतीचा शेवटचा दिवस. एक टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, हात दाखवताच येऊन थांबली. तिन्ही ठिकाणं मिळून २० बाथ.

“आई, चालेल ना? दुपारी परत येऊ इथेच.”

“चालेल गं, तुम्ही म्हणाल तसं.”

हा २० बाथचा आकडा लक्षात ठेवा. बँकॉकमध्ये मीटरच्या टॅक्सीचं भाडंच ३५ बाथपासून सुरू होतं. त्याहून कमी पैशांत कुणी अर्धा दिवस फिरवत असेल, तर त्याचे पैसे दुसरीकडून येणार असतात. टुकटुकवाल्यांना अशा ‘निर्यात केंद्र’ म्हणवणाऱ्या दुकानांत गिऱ्हाईक नेल्याबद्दल पेट्रोलची कुपनं मिळतात आणि खरेदी झाली तर वर कमिशन.

उभा बुद्ध खरोखर भव्य आहे. देवळाचं नाव वाट इंतरविहान. तिथे कुणी फसवत नाही, ते जरूर बघा. खरा डाव पुढच्या छोट्या देवळात होता. तिथे पायरीवर एक माणूस बसला होता, बायकोची वाट बघत असल्यासारखा. गप्पांच्या ओघात तो सहज बोलून गेला की आपण दरवर्षी त्या निर्यात केंद्रातून खडे नेतो आणि परदेशात दुपटीने विकतो. भिंतीजवळचा माणूस, टुकटुकवाला आणि हा, तिघं एकमेकांना ओळखतही नाहीत असं वाटत होतं, आणि तिघांचं म्हणणं एकच होतं. एकट्या विक्रेत्यावर कुणीही शंका घेतं. वेगवेगळ्या ठिकाणी भेटलेली तीन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खरी वाटू लागते, आणि सगळी फसवणूक त्यावरच उभी असते.

दुकानात गारेगार एसी, सरबत, काचेच्या कपाटांवर पिवळे दिवे. विक्रेतीने आधी नीलम काढला. आई लगेच म्हणाल्या, “नीलम नको, तो सगळ्यांना मानवत नाही.” भाषा कळली नाही तरी चेहरा तिने बरोबर वाचला. दुसऱ्याच क्षणी मखमलीवर माणिक आलं. अंगठी १४,००० बाथची, सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र त्याच दुकानाचं होतं. संध्याकाळी हॉटेलजवळच्या सोनाराने भिंग लावून आम्हाला खड्याच्या आत बघायला सांगितलं. लालभडक रंगात बारीक बुडबुडे तरंगत होते. हलक्या माणकाच्या भेगांमध्ये काच भरली की असं दिसतं. नुसत्या डोळ्यांना तो खडा निर्मळ भासतो.

जेवायलाही टुकटुकवाल्यानेच नदीकाठच्या एका हॉटेलात नेलं. मेनूत मासे आणि कोळंबीचे भाव माफक दिसत होते. ते भाव १०० ग्रॅमचे होते आणि ते बारीक अक्षरांत कोपऱ्यात लिहिलेलं होतं. मासा आत नेऊन तोलला, वजन कुणी दाखवलं नाही. आईंनी तर नुसता भात आणि परतलेल्या भाज्या घेतल्या होत्या. बिल ४,२०० बाथ. याच शहरात रस्त्यावर चांगली पाड थाई, म्हणजे परतलेल्या नूडल्स, शंभर बाथच्या आसपास मिळते, आणि ती तव्यावर आपल्यासमोर परततात. बँकॉकमध्ये मासे खायचेच असतील तर जागा स्वतः निवडा, आणि वजन व एकूण किंमत ठरवूनच मासा शिजवायला द्या. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधा, तिथे मांस-मासे नसतात.

पावणेचारला राजवाड्याच्या दाराशी पोहोचलो. तिकीटविक्री साडेतीनला थांबते. पहारेकऱ्याने सांगितलं, सकाळपासून उघडंच होतं. आई काही बोलल्या नाहीत, चपला काढून बाहेरूनच त्यांनी हात जोडले. पैशांपेक्षा मला याचा संताप आहे. एका भाविक बाईला नमस्कार करून तिच्या देवाच्या दारातून मागे फिरवायचं, हे चोरीहून वाईट आहे.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने मात्र स्वतः फोन उचलून ११५५ लावला. हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, आणि तिथे इंग्रजीतून बोलता येतं. तिने आमच्यासाठी थाईत सगळं समजावलं, दुसऱ्या दिवशी तक्रारीला आमच्याबरोबर आली. दुकानाने बरीच रक्कम कापली, पण उरलेली कार्डावर परत केली. ती मिळाली कारण आमच्याकडे पावती होती, कार्डाची स्लिप होती आणि दुकानाच्या पाटीचा फोटो होता. टुकटुकच्या नंबरप्लेटचा फोटो असता तर तोही पोलिसांना हवा होता. खडा घरी पाठवून देतो असं दुकान म्हणालं तर पाठवू देऊ नका, वस्तू हातात असेल तरच ती परत करता येते. आणि तक्रार बँकॉक सोडण्याआधी करा.